आईस पत्र: परीक्षेला वीस दिवस उरले असताना

ह्यूस्टन, टेक्सास
३० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

उद्या घरी महालक्ष्म्या बसतील आणि पुढचे दोन-तीन दिवस तुला उसंत मिळणार नाही, हे ठाऊक असूनही आजच लिहायला बसले आहे, कारण यानंतर परीक्षा होईपर्यंत पत्रच काय, फोनही धड जमेल असे वाटत नाही. शुक्रवारी, १९ सप्टेंबरला माझी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरची परीक्षा आहे. बी.एस्सी. नर्सिंग झाले, इथली एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या परवान्याची परीक्षा, झाली, आता मास्टर्सही झाले, मग पुन्हा ही कसली परीक्षा, असे बाबांनी मागच्या फोनवर विचारले होते. ड्युटीवर निघण्याच्या घाईत मी त्यांना जे उत्तर दिले ते अपुरे होते. हे पत्र त्यांनाही वाचून दाखव.

आजवर मी नर्स म्हणून जे काम केले ते डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरीवर. औषध कोणते, किती आणि केव्हा, हे त्यांनी ठरवायचे. ते बिनचूक देणे, रुग्णावर नजर ठेवणे आणि काही बिघडते आहे असे दिसताच वेळेवर सांगणे ही माझी जबाबदारी. नर्स प्रॅक्टिशनर मात्र रुग्णाला स्वतः तपासते, निदान करते, तपासण्या सांगते आणि औषध लिहून देते. त्यातही ‘फॅमिली’ म्हणजे तान्ह्या बाळापासून गरोदर बाईपर्यंत आणि शाळकरी मुलापासून म्हाताऱ्या आजोबांपर्यंत सगळे घर. टेक्सासमध्ये औषधे लिहिण्यासाठी एखाद्या डॉक्टरांशी लेखी करार करावाच लागतो. शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात तसे बंधन नाही. हे प्रत्येक राज्याच्या कायद्याप्रमाणे बदलते, पण बहुतेक राज्यांत अशा परीक्षेवाचून दार उघडत नाही.

या कामाची सुरुवात कशी झाली ते वाचताना मला तुझीच आठवण येत होती. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांच्या साथीने नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. फोर्डबाई स्वतः खेड्यापाड्यांत फिरून काम करणाऱ्या सार्वजनिक आरोग्य परिचारिका होत्या. जिथे डॉक्टर पोहोचत नाहीत तिथे नर्सच सगळे पाहते, मग तिला तसे शिक्षण आणि तसा अधिकार का देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. याच वर्षी जानेवारीत, वयाच्या १०४व्या वर्षी त्या गेल्या. आरमोरी तालुक्यातल्या तुझ्या आरोग्य उपकेंद्राचे वर्णन ऐकून त्यांना काहीही नवल वाटले नसते.

आता परीक्षेविषयी. ही परीक्षा घेणाऱ्या दोन संस्था आहेत. एकीच्या परीक्षेत १७५ प्रश्न आणि साडेतीन तास असतात आणि त्यात संशोधन, धोरण, व्यवसायाची कर्तव्ये यांवरही बराच भर असतो. मी निवडलेली दुसरी परीक्षा जवळजवळ पूर्णपणे रुग्णांविषयीच आहे. तिथे तीन तासांत १५० प्रश्न सोडवायचे. त्यांतले १३५ गुणांसाठी धरतात आणि १५ पुढच्या परीक्षांसाठी केवळ पारखून पाहिले जातात, मात्र ते कोणते हे आपल्याला कळत नाही. गुण २०० ते ८०० या मापावर देतात आणि उत्तीर्ण व्हायला ५०० लागतात. प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची, त्यानंतर ते नव्याने मिळवावे लागते.

मला वाटले होते की इतकी वर्षे आयसीयूत काढल्यावर हे सोपे जाईल, पण झाले उलटेच. पहिल्या सराव परीक्षेत मला शेकडा अठ्ठावन्न गुण मिळाले. चुकलेले प्रश्न घेऊन बसले तेव्हा लक्षात आले की ज्ञान कमी पडले नव्हते, सवय आड आली होती. आयसीयूत रुग्ण येतो तोच अत्यवस्थ होऊन, त्यामुळे माझे मन लगेच स्कॅन, व्हेंटिलेटर आणि शिरेतून द्यायच्या औषधांकडे धावते. या परीक्षेतला रुग्ण चालत आलेला असतो आणि बहुतेक वेळा प्रश्न एकच असतो: सगळ्यात आधी काय कराल? त्याचे उत्तर पुष्कळदा ‘आणखी विचारा’, ‘नीट तपासा’ किंवा ‘काही न देता दोन दिवसांनी पुन्हा बोलवा’ असे असते. काही ठिकाणी मात्र थांबणे घातक ठरते. साठीच्या पुढच्या माणसाचे कानशील दुखते आहे, चावताना जबडा भरून येतो आहे आणि नजर अंधुक झाली आहे, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच वेळी स्टेरॉइड सुरू करायचे, नाहीतर दृष्टी कायमची जाऊ शकते. या दोन प्रकारांतला फरक ओळखणे हाच माझा सध्याचा अभ्यास आहे.

एक प्रश्न तुझ्यासाठी मुद्दाम उतरवून ठेवला आहे. तरुण बाई, सतत थकवा, हिमोग्लोबिन कमी, रक्तातल्या लाल पेशी आकाराने लहान, पण शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, अगदी व्यवस्थित. पुढे काय? मी घाईने लोहाच्या गोळ्या लिहिल्या आणि चुकले. साठा भरलेला असताना लोह देऊन उपयोग नाही. हिमोग्लोबिनच मुळात वेगळ्या घडणीचे आहे का, हे इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी करून पाहायला हवे. उत्तर वाचले आणि तुझ्या उपकेंद्रातली ती सून आठवली, जिला कित्येक महिने गोळ्या देऊनही रंग चढत नव्हता. ‘गोळ्या खात नसेल, फेकून देत असेल,’ असे सगळे म्हणत असताना तू एकटीने तिच्यावर विश्वास ठेवलास आणि सिकलसेलच्या, म्हणजे हिमोग्लोबिनच्या अशाच एका जन्मजात आजाराच्या, तपासणीसाठी तिला पुढे पाठवलेस. फेरिटिन मोजण्याची सोय तुझ्याकडे नव्हती. तुला ते कशावरून सुचले, हे मला खरोखर विचारायचे आहे. सिकलसेल इथेही अभ्यासात आहे, कारण इथल्या कृष्णवर्णीय समाजात तो पुष्कळ आढळतो, आणि प्रत्येक नवजात बाळाची त्यासाठी तपासणी होते.

शिक्षणातला सगळ्यात कष्टाचा भाग परीक्षेचा नव्हता, प्रत्यक्ष कामाच्या तासांचा होता. परीक्षेला बसायलाच निदान ५०० तास अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली रुग्ण तपासलेले असावे लागतात, आणि शिकवायला तयार असलेले क्लिनिक मला स्वतःच शोधायचे होते. अनेकांनी नाही म्हटले, काहींनी उत्तरच दिले नाही; एका ठिकाणी सुरू व्हायच्या आठवडाभर आधी नकार कळवला आणि माझे एक सत्र वाया गेले. ते दुःख मी तेव्हा तुम्हाला सांगितले नव्हते. शेवटी शहराच्या कडेला असलेल्या एका लहान क्लिनिकमध्ये जागा मिळाली आणि तिथल्या नर्स प्रॅक्टिशनरबाईंनी मला मनापासून शिकवले.

तिथे दुसऱ्याच आठवड्यात दहा महिन्यांचे बाळ आले, ताप आणि खोकला असलेले. बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन पाहिला, तो ठीक होता. तरीही मी त्याच्या आईला बाळ मांडीवर शांत धरायला सांगितले, अंगरखा वर केला आणि घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत पोटाची हालचाल मोजली, पूर्ण एक मिनिट. छप्पन्न भरली. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात मिनिटाला पन्नास किंवा जास्त श्वास म्हणजे धोक्याची खूण, हे मी पुस्तकात शिकले त्याच्या कितीतरी आधी तुझ्या ओसरीवर शिकले होते. तू मोजत असताना मला बोलायची बंदी असे, आणि अर्ध्या मिनिटाची दुप्पट केलेली तुला कधीच चालत नसे. बाईंनी विचारले, ही सवय कुठली? मी म्हटले, माझ्या आईची. बाळाला न्यूमोनिया निघाला, औषध वेळेत सुरू झाले आणि तीन दिवसांनी ते हसत परत आले.

आता वेळापत्रक सांगते. परीक्षा इथल्या सकाळी आठला सुरू होईल, म्हणजे तुमचे संध्याकाळचे साडेसहा. पास की नापास हे केंद्रावर लगेच कळते, तेव्हा रात्री साडेनऊनंतर माझा फोन येईल. तोवर शेजारीपाजारी कोणाला काही सांगू नकोस. बाबांच्या बीपीची गोळी चुकवू नका आणि त्यांचे सकाळचे आकडे वहीत लिहीत जा, मी ते फोनवर विचारणार आहे. आणि सवड मिळेल तेव्हा त्या सुनेविषयी नक्की लिही. उत्तर परीक्षेनंतर पोहोचले तरी चालेल.

तुझी लेक