एकाच मापाचा निवारा मुंबईला पुरत नाही: महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

स. न. वि. वि.

शहरी बेघर निवारा योजनेच्या निकषाप्रमाणे दर 1 लाख लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी निवारा हवा. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईला असे सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. तो आकडा अजून फार दूर आहे, हे आपण जाणताच. पण आहेत त्यांतल्या काही निवाऱ्यांत खाटा रिकाम्या आणि समोरचा फुटपाथ भरलेला, असे का होते?

निवारा म्हटला की पुरुषांचा एक हॉल नाहीतर बायकांचा एक हॉल, असा साचा ठरून गेला आहे. मुंबईच्या फुटपाथवर मात्र कुटुंबेच्या कुटुंबे राहतात. वयात आलेल्या मुलाला बायकांच्या निवाऱ्यात घेत नाहीत आणि अनोळखी पुरुषांत त्याला एकट्याला पाठवायला आई धजावत नाही. मग सगळेच पुन्हा ताडपत्रीखाली. योजनेत माणशी 50 चौरस फूट धरले आहेत, म्हणजे पाच जणांना 250. त्यातून संडास, न्हाणी, सामाईक ओटा वजा केला तरी 10 बाय 12 ची कडी-कुलपाची खोली सहज निघते.

दुसरी अडचण वेळेची. लग्नसराईत केटरिंगची पोरे रात्री दोनला सुटतात. दादरच्या फुलबाजारातले काम अंधारातच सुरू होते. रात्री दहाला दार लावणारा निवारा त्यांच्या काय कामाचा? त्यांना दिवसा झोपायला जागा हवी, तीही कामापासून चालत जाण्याजोगी. फूलविक्या कुटुंबाला मानखुर्दला हलवले की ते परत येते. त्याला हट्ट म्हणतात. खरे तर तो गाडीभाड्याचा हिशेब असतो.

परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास झोपणाऱ्यांची गरज आणखी निराळी. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात, साधा संसर्गही जिवावर बेततो. रेडिएशन अनेकदा आठवड्यातले पाच दिवस, असे कित्येक आठवडे चालते. अशा रुग्णाला तळमजल्यावर दोन-तीन खाटांची खोली, वेगळा संडास, उकळलेले पाणी आणि सोबतच्या माणसाला जागा लागते.

अतिक्रमणाच्या गाडीत ताडपत्रीबरोबर पिशवीही जाते. त्यात आधार, रेशनकार्ड, कधी टीबीच्या गोळ्या असतात. गोळ्यांत खंड पडला की आजार औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका असतो. सामान चढवण्याआधी कागद आणि औषधे मालकाच्या हातात द्यावीत, उरलेल्याची यादी करून पावती द्यावी. नवे आधार काढताना मजुरीने झिजलेले ठसे उमटत नाहीत. म्हणून बुबुळांचे स्कॅनर घेऊन शिबिर निवाऱ्यातच भरवावे.

निवाऱ्यातून भाड्याच्या खोलीत जाताना घोडे अडते ते डिपॉझिटवर. महिन्याचे भाडे रोजंदारीतून निघते, एकरकमी डिपॉझिट निघत नाही. त्यासाठी फिरता निधी उभारावा. रक्कम थेट घरमालकाला द्यावी आणि खोली सोडताना ती निधीतच परत यावी, हे 11 महिन्यांच्या करारात लिहून घ्यावे. नाहीतर दोन-तीन घरांतच निधी आटतो.

सुरुवात पालिकेच्या जी उत्तर (दादर) आणि एफ दक्षिण (परळ) विभागांत पावसाळ्याआधी करावी. रात्री 11 ते पहाटे 4 या वेळेत नोंदणी करावी आणि प्रत्येकाला विचारावे: सोबत कोण, काम कुठे आणि किती वाजता, आजार कोणता, कागद कोणते आहेत. जागा त्यानंतर शोधावी.

आपले,
बेघरांसोबत काम करणारे कार्यकर्ते, मुंबई