आई-बाबा, नव्याच्या सणाआधी ठाण्याला या

प्रिय आई, प्रिय बाबा,

शालोम.

बाबा, पत्र आधी शेवटपर्यंत वाचा, रागवायचं ते मग रागवा. ठाण्याच्या आपल्या बेने इस्राएल ज्यूंच्या प्रार्थनाघरापासून, शार हाशामाइम सिनेगॉगपासून, अगदी जवळ मी दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं आहे. तळमजल्यावर. अनामत भरून झाली. इस्राएलमध्ये अश्दोदला भाऊशी बोलले, तो म्हणाला, ताई, तू ठरवशील ते. तर ठरलं आहे. नव्याच्या सणाआधी, म्हणजे आपलं नवं वर्ष लागायच्या आत, तुम्ही दोघांनी इथे यायचं.

तुम्हाला न विचारता हे केलं, कारण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि तुमचा शब्द मला कधी मोडवला नाही.

आईने फोनवर सांगितलं ते डोक्यातून जात नाही. आजीच्या वरसीला तुम्ही भर पावसात मशीद, गावातलं आपलं सिनेगॉग, उघडलीत, झाडलीत, दिवा लावून बसलात. अलिबागेहून येणारे आले नाहीत. एकत्र प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष भरले नाहीत. तुम्ही कद्दिश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, न म्हणताच दार लावलंत आणि येताना पायरीवरून घसरलात. गुडघा सुजला ते आईने आम्हाला चार दिवसांनी सांगितलं. पण खरं सांगू? गुडघ्यापेक्षा मला त्या न म्हटलेल्या कद्दिशचं जास्त लागलं.

तुम्ही म्हणाल, देव एकच आहे, इथे जो आहे तोच ठाण्यात आहे, मग गाव कशाला सोडायचं? देव एकच, हे तर मी तुमच्याकडूनच शिकले. रात्री अंथरुणात तुमचा उजवा हात माझ्या डोळ्यांवर असायचा आणि तुम्ही माझ्याकडून शेमा, देव एकच आहे सांगणारी आपली प्रार्थना, म्हणवून घ्यायचात. ‘ऐक, इस्राएला’ म्हटलं की मला वाटायचं, गावातली सगळी मुलं आपापल्या घरी हेच ऐकत आहेत. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्यापुस्तकं समुद्रात गेली, हे तुम्ही किती वेळा सांगितलं असेल! भाषा विसरली, सणांची नावं विसरली, पण शेमा राहिला आणि शनिवारी घाणा बंद राहिला. म्हणून तर गाव आपल्याला शनिवार तेली म्हणायचं.

पण बाबा, तो शेमाही माणसांनी एकमेकांत राहूनच टिकवला ना! एकटा माणूस शेमा म्हणू शकतो. कद्दिशला, केदुशाच्या प्रार्थनेला, सेफेर म्हणजे तोराची गुंडाळी काढून वाचायला मात्र दहा लागतात. अब्राहामाने सदोमासाठी देवाशी घासाघीस केली तीही पन्नासांपासून दहांवर येऊन थांबली. आपल्या धर्माने देवाचं एकपण आणि लोकांचं एकत्र असणं कधी वेगळं ठेवलंच नाही. शनिवारी दुपारच्या प्रार्थनेत तुम्हीच म्हणता, तू एक आहेस, तुझं नाव एक आहे, आणि तुझ्या इस्राएलासारखं एकमेव राष्ट्र पृथ्वीवर दुसरं कोणतं? तालमूद या आपल्या धर्मग्रंथात, त्याच्या बेराखोथ या भागात, तर फार सुंदर कल्पना आहे की देवही तेफिलीन, प्रार्थनेला कपाळावर आणि हातावर पट्ट्याने बांधायच्या डब्या, बांधतो. आपल्या तेफिलीनमध्ये लिहिलंय की देव एक आहे. त्याच्या तेफिलीनमध्ये लिहिलंय की त्याचे लोक एक आहेत. हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा तुमचीच आठवण झाली, सकाळी ओट्याकडे पाठ करून पट्टे गुंडाळणारे तुम्ही.

आणि रंबाम, आपला तो मोठा धर्मपंडित! देवाच्या एकपणाबद्दल त्याच्याइतकं काटेकोर कोण बोललं? एका जातीत अनेक असतात त्यांतला एक नाही, भाग पडणारा एक नाही, त्याच्यासारखं एकपण दुसरं कुठलंच नाही. तोच रंबाम मिश्ने तोरा या आपल्या धर्मनियमांच्या ग्रंथात लिहितो की, कुठलंही पाप न करता जो समाजापासून वेगळा राहतो, समाजाच्या दुःखात आणि उपासात सामील होत नाही, त्याला येणाऱ्या जगात वाटा नाही. बाबा, हे तुमच्यासाठी नाही हं. तुम्ही समाजापासून दूर गेला नाहीत, समाजच गावातून उठून गेला. १९५१ मध्ये भारतात आपले ज्यू २५ हजारांहून जास्त होते, २०११ च्या जनगणनेत ते ५ हजारांहूनही कमी भरले. यात तुमचा दोष कुठे? तुम्ही किल्ली सांभाळलीत. पण आता तुम्हाला लोकांची गरज आहे, आणि लोकांना तुमची. इथेही एखाद्या सकाळी नऊच जण जमतात. तुम्ही आलात की कुणाचं तरी कद्दिश होईल. मी बाई, दहांत माझी गणती नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावते आहे.

एकीच्या गोष्टी सांगू नकोस, बेर्शेबाच्या काकांना विचार, असंही म्हणाल. ठाऊक आहे मला. १९६२ मध्ये तिथल्या, इस्राएलमधल्या, रब्बींनी म्हणजे धर्मगुरूंनी आदेश काढून लग्नाआधी आपल्याच लोकांच्या आजी-पणजीपर्यंत चौकशा लावल्या. एकच देव मानणाऱ्यांनी आपल्याला परकं केलं, याची बोच काकांना शेवटपर्यंत होती. पण आपली माणसं वेगळी चूल मांडून बसली नाहीत. जेरुसलेमला जाऊन ठाण मांडलं, ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने आपल्या बाजूने ठराव केला आणि मग रब्बींनाही ‘बेने इस्राएल’ हे नाव त्या आदेशातून काढावं लागलं. एकी आपोआप मिळत नाही, तिच्यासाठी जाऊन बसावं लागतं. जेरुसलेमचं दुसरं मंदिर पडलं ते विनाकारण केलेल्या द्वेषाने, असं आपले रब्बी सांगून गेले. आजी बिरड्याच्या सणाला, मंदिर पडल्याच्या त्या दुखवट्याच्या दिवशी, वाल सोलता सोलता हेच तर सांगायची.

आता घराचं ऐका. बाबा, शनिवारी रिक्षा लागणार नाही, चालत जाता येतं, म्हणूनच हे घर घेतलं. रस्ता सपाट आहे. खिडकीतून ऊन येतं, तुमची आरामखुर्ची तिथेच मावेल, मी मापून पाहिलं. आई, ओटा तुझ्या उंचीचा आहे. नारळ कोपऱ्यावर मिळतो, चिकाच्या हलव्यासाठी दूध काढायला मी येईन, तू फक्त ढवळताना बाजूला बसून सांग. शुक्रवारचे दिवे लावायला पूर्वेचा कोनाडा आहे. मलिद्याची मोठी परात घेऊन ये, इथे तेवढी मोठी नाही. ताटातले खजूर कोण पळवायचं ते आठवतं ना तुला?

मशीद बंद पडणार नाही. पाऊस सरला की महिन्यातून एका रविवारी गाडीने जाऊ, झाडून पुसून येऊ, दफनभूमीतलं गवतही काढून घेऊ. किल्ली तुमच्याकडेच राहील. हेखालमधल्या, म्हणजे मशिदीच्या पवित्र कपाटातल्या, सेफेरांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा, त्यात मी एक शब्द बोलणार नाही.

बाबा, गुडघ्याचा पट्टा काढायचा नाही. साखरेच्या गोळ्या आईच्या हातून घ्या, स्वतः आठवणीवर राहू नका. दारफाळणीच्या, म्हणजे योम किप्पूरच्या, उपासाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसायचं नाही. जीव वाचवायला शनिवारचा शाबाथही मोडता येतो, हे मला सांगणारे तुम्हीच. आई, तू गुडघ्याचं लपवलंस तसं काही लपवू नकोस गं. आम्ही गाडी घेऊन येतो आहोत, एसटीने निघू नका. दाराचा मेझुझा, चौकटीवरची ती शेमा ठेवलेली डबी, बाबांनी स्वतः काढून रुमालात गुंडाळावा, नव्या दाराला तेच लावतील. कोकमं आणि वाल आण, पण पिशवी बाबांना उचलू देऊ नकोस. हो म्हटलंत की फोन करा, रात्री नऊनंतर, मी वाट बघते.

तुमची,
रिबू