आई-बाबा, यंदा माझं येणं होत नाही

ती. आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगणार होते, पण बाबा, तुमचा चेहरा दिसला आणि तोंडच उघडेना. म्हणून लिहिते. मी डिसेंबरात कायमची परत येत नाहीये. इथे कॅनडात, मॅनिटोबा प्रांताच्या उत्तरेला क्रॉस लेक गाव आहे, तिथल्या नर्सिंग स्टेशनवर दोन वर्षं काम करायचं कबूल केलंय, सहीसुद्धा झाली. आधी विचारलं नाही याचं फार वाईट वाटतंय. विचारलं असतं तर आई, तू 'नको' म्हणाली नसतीस, नुसती गप्प बसली असतीस, आणि माझ्याने सही झाली नसती.

पैशासाठी नाही हो बाबा. तसं असतं तर इथे विनिपेग शहरातच राहिले असते.

कॅथी मेरिकबाईंबद्दल मी एकदा फोनवर बोलले होते. क्रॉस लेक हे त्यांचं गाव, तिथले मूळनिवासी क्री लोक त्याला पिमिचिकामाक म्हणतात. सत्तरच्या दशकात नेल्सन नदीवर जेनपेगचं धरण झालं. 1977 च्या करारात मोठमोठी आश्वासनं दिली गेली. वीज दक्षिणेला गेली आणि गावाच्या वाट्याला ढासळणारे काठ आले. पाणी कधी अडवतील, कधी सोडतील त्यावर हिवाळ्यातला बर्फ पक्का की पोकळ ते ठरतं. आजे-पणजे ज्या बर्फावरून बिनघोर सापळे लावायला जायचे, तिथे आता पाय टाकायची भीती. आपली वाडी धरणाच्या पाण्याखाली गेली, तुम्हाला यातलं काही समजावून सांगायला नको.

मेरिकबाई आधी कौन्सिलर होत्या, 2013 मध्ये चीफ, म्हणजे तिथल्या क्री लोकांच्या प्रमुख झाल्या. पुढच्याच वर्षी गावकरी निषेध म्हणून जेनपेगवर जाऊन बसले ते आठवडेच्या आठवडे हलले नाहीत. जानेवारी 2015 मध्ये प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांसारखे, ग्रेग सेलिंजर स्वतः गावात आले आणि त्यांनी लोकांसमोर माफी मागितली. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आजी डोळ्यांसमोर होती, वाडी सोडताना बैलगाडीत जातं घट्ट धरून बसलेली. तिच्या दारात कुणी आलं होतं का बाबा?

मार्च 2016 मध्ये, तीनेक महिन्यांत गावातल्या सहा जणांनी जीव दिल्यावर, बाईंच्या गावाने आणीबाणी जाहीर करून आरोग्य कर्मचारी मागितले. त्या मागण्यातली एक नर्स मी, इतकंच समजा. 2022 मध्ये मॅनिटोबातल्या चीफ मंडळींच्या सभेने त्यांना ग्रँड चीफ निवडलं; तिथे निवडून आलेल्या त्या पहिल्या बाई. खून झालेल्या मूळनिवासी बायकांचे अवशेष कचरा डेपोत शोधा म्हणून त्या घरच्यांसोबत उभ्या राहिल्या. जुलै 2024 मध्ये पुन्हा निवडून आल्या आणि सप्टेंबरात कोर्टाबाहेर पत्रकारांशी बोलता बोलता कोसळल्या, गेल्या. 63 वर्षांच्या होत्या. विधानभवनात अंत्यदर्शनाच्या रांगेत मी उभी होते, आणि मनात तुम्हीच होतात बाबा.

श्रावणात तुम्ही अंगणात चक्कर येऊन पडलात, ते आईने मला आठ दिवसांनी सांगितलं. असं पुन्हा करायचं नाही.

माझी काळजी नको. नर्सना राहायला घर मिळतं, आत इतकं ऊबदार असतं की स्वेटर लागत नाही. कुकर, मेतकूट, गोडा मसाला सगळं बांधलंय. आई, तू दिलेली गोधडी अजून तुझ्या पेटीसारखीच वासाची आहे, ती मी धूत नाही. आणि क्री भाषेत आजीला 'कोकुम' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुझी सोलकढी आठवून डोळे भरून आले.

आता नीट ऐका. बाबा, साखरेची गोळी नाश्त्याआधी, नंतर नाही. सकाळी अंथरुणातून एकदम उठायचं नाही, दोन मिनिटं बसायचं. बादली उचलायची नाही. आई, तू गुडघ्याचा पट्टा फक्त डॉक्टरकडे जाताना बांधतेस, हे मला दादाने सांगितलंय, त्याच्यावर चिडू नकोस. महिन्यातून एकदा दोघांचं बीपी मोजून मला फोटो पाठवायचा. पुढच्या दिवाळीला महिनाभर येते, तिकिटाचे पैसे बाजूला काढलेत.

आणि बाबा, मे महिन्यात पाणी उतरलं की तुम्ही जुन्या वाडीकडे जाणारच. जा, पण एकटे नको, दादाला घेऊन जा. चिखलात उतरू नका. देवळाचा कळस दिसला की तिथूनच मला फोन लावा. इथे रात्र असेल, मी जागी राहीन.

तुमची,
छबी