‘फाइल खराब झाली’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांची स्नेहसंमेलने असोत, केळी उत्पादकांचे मेळावे असोत की संस्थांचे रौप्यमहोत्सव, जुन्या चित्रीकरणाचे तुकडे पडद्यावर दाखवायची पद्धत आता खान्देशात सगळीकडे रुजली आहे. मात्र ऐनवेळी पॉवरपॉइंटमध्ये काळी चौकट येते, कोणीतरी ‘फाइल खराब झाली’ म्हणतो आणि सीडी भंगारात जाते. त्या सीडीवर कानबाईची गाणी असतात, ‘वही’ या लोकगायनाची अख्खी रात्र असते, सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडेबाजार असतो. बहुतेक वेळा फाइल ठणठणीत असते. ती वाचण्याची सोय तेवढी नव्या संगणकात उरलेली नसते.

एव्हीआय, एमओव्ही, एमपी-४ ही फक्त डब्यांची नावे. आत चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहेत, ते कोडेक ठरवतो. त्यामुळे शेजारी ठेवलेल्या दोन एव्हीआय फाइलींपैकी एक चालते, दुसरी चालत नाही. नावातले एव्हीआय खोडून एमपी-४ लिहिणे म्हणजे मिठाच्या डब्यावर साखरेची चिठ्ठी लावणे. नव्वदच्या दशकातल्या सीडींवर इंडिओ आणि सिनेपॅक हे कोडेक सर्रास असत. त्यांपैकी इंडिओला मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००९च्या सुरक्षा अपडेटमध्ये जुन्या विंडोजवरही लगाम घातला. एमओव्ही चालवणाऱ्या, विंडोजसाठीच्या क्विकटाइमचा आधार २०१६ मध्ये गेला. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी संपले. शिवाय ६४ बिटच्या ऑफिसला ३२ बिटचे जुने कोडेक वापरताच येत नाहीत. म्हणून ‘कोडेक पॅक (कोडेकांचा गठ्ठा) टाका’ हा सल्ला ऐकू नये. त्याने काम होईलच असे नाही, आणि कुठूनही उतरवलेल्या पॅकबरोबर नको ते पाहुणे मात्र येतात.

आधी फाइल व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडावी. ‘व्हीएलसीत दिसते, मग पॉवरपॉइंटमध्ये का नाही?’ हा नेहमीचा प्रश्न. व्हीएलसी आपले कोडेक स्वतःबरोबर आणतो, पॉवरपॉइंट विंडोजवर विसंबून असतो. कंट्रोल आणि जे ही बटणे एकदम दाबली की आतला कोडेक, चित्राचा आकार आणि सेकंदाला फ्रेम (स्थिर चित्रे) किती, ते समोर येते. व्हीएलसीलाही फाइल उघडली नाही, तरच ती खराब किंवा अर्धवट असल्याची शंका घ्यावी. चित्रीकरण चालू असताना फोनची बॅटरी संपली, तर एमपी-४ची अनुक्रमणिका लिहायची राहून जाते, कारण फोन ती बहुधा शेवटी लिहितो. अशी फाइल कुठेच चालत नाही. त्याच फोनवरची, त्याच सेटिंगची दुसरी चांगली फाइल हाताशी असेल, तर अनट्रंक नावाच्या मोफत साधनाने ती पुष्कळदा परत मिळते.

व्हिडिओ सीडीत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो आणि त्यात एव्हीएसईक्यू०१.डॅट ही फाइल. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांएवढेच. ते फुगवून १०८० ओळींचे केल्याने फाइल तेवढी जड होते, नवरदेवाचा चेहरा काही उजळत नाही. डीव्हीडीत व्हिडिओ_टीएस फोल्डरमध्ये व्हीओबी फाइली असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या. पुष्कळ जण त्यांतली एकच उचलतात आणि मग अर्धा कार्यक्रम कुठे गेला म्हणून शोधत बसतात. अख्खा फोल्डर उचलावा.

रूपांतरासाठी हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर सर्वांत सोयीचे. डीव्हीडी किंवा कॅमेऱ्याच्या टेपवरून घेतलेल्या चित्रीकरणाला ‘फास्ट ५७६पी२५’ हा प्रीसेट (तयार सेटिंग) निवडावा, कारण आपल्याकडचे जुने चित्रीकरण पाल या टीव्ही पद्धतीचे, ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेमचे असते. डबा एमपी-४, चित्राचा कोडेक एच.२६४, आवाजाचा एएसी. पॉवरपॉइंट २०१३ आणि पुढच्या आवृत्त्यांना हेच त्रिकूट मानवते. फ्रेमरेट ‘कॉन्स्टंट’ (एकसारखा) ठेवावा, गुणवत्तेचा आकडा (आरएफ) २०च्या आसपास. आकडा जितका कमी, तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. फिल्टरमध्ये ‘डीकोंब’ बंद असेल तर चालू करावे. जुन्या कॅमेऱ्यात प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते, एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. ती तशीच राहिली, तर लेझीम खेळणाऱ्याचा हात हलताच त्याच्या कडेला कंगव्याचे दात उगवतात. ॲनामॉर्फिक (चित्र दाबून साठवायचे आणि दाखवताना ताणायचे) बंद ठेवावे, नाहीतर काही ठिकाणी माणसे लांबट दिसतात. आणि रुंद पडदा भरण्यासाठी जुने चित्र आडवे ताणू नये. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले तर राहू द्यावेत.

रूपांतर व्हीएलसीतूनच करायचे, तर तिथल्या नेहमीच्या एमपी-४ प्रोफाइलमध्ये आवाज एमपी-३ असतो आणि पॉवरपॉइंट त्यावर मुका होऊ शकतो. पाना असलेल्या बटणातून आवाज एएसी करावा. जुन्या फोनच्या ३जीपी फाइलीत आवाज एएमआर पद्धतीचा असतो, तिथेही चित्र दिसते पण आवाज येत नाही. इलाज तोच.

पॉवरपॉइंट २००७ आणि त्याआधी व्हिडिओ सादरीकरणाच्या आत नसेच, त्याचा फक्त पत्ता नोंदवलेला असे. पेन ड्राइव्हवर एकटी पीपीटी आली की व्हिडिओ मागे घरच्या संगणकातच राहिला म्हणून समजावे. मूळ व्हिडिओ मिळवून त्याचे रूपांतर करावे, सादरीकरण पीपीटीएक्स म्हणून जतन करावे, जुनी चौकट पुसून व्हिडिओ नव्याने घालावा. याच्या उलट, पीपीटीएक्समध्ये व्हिडिओ अडकला असेल आणि मूळ फाइल हरवली असेल, तर सादरीकरणाची प्रत काढून तिच्या नावाचा शेवट झिप करावा; पीपीटीएक्स मुळात झिपच असते, म्हणून इथे नाव बदललेले चालते. आत पीपीटी आणि त्यात मीडिया हा फोल्डर उघडला की व्हिडिओ जसाच्या तसा मिळतो. ही युक्ती फार थोड्यांना ठाऊक आहे.

आवाज येतो पण चित्र काळे, असे असेल तर पॉवरपॉइंटच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून पाहावे. नव्या फोनचे एचईव्हीसी (एच.२६५) कोडेकचे चित्रीकरणही अनेक विंडोज संगणकांवर अडते, तेही एच.२६४ करून न्यावे. कॅमेऱ्याच्या मिनी डीव्ही टेपचा एक तास साधारण १३ जीबी होतो आणि एफएटी३२ पद्धतीचा पेन ड्राइव्ह ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा लागतो, पण त्यात आधीचे सगळे पुसले जाते.

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या डिस्कचे आयुष्य झपाट्याने घटते. घरी भरलेल्या सीडी-डीव्हीडीतला रंगाचा थरच उन्हा-उष्णतेने खराब होतो. म्हणून आधी डिस्क जशीच्या तशी हार्ड डिस्कवर उतरवावी, रूपांतर नंतर. डिस्क मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल नाही. वर्तुळात पडलेला ओरखडा सलग मजकूर खातो, मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा यंत्र बरेचदा सांभाळून घेते. रूपांतर झाले म्हणून मूळ फाइल पुसू नये, कारण प्रत्येक रूपांतरात थोडा तपशील गळतोच.

आयोजकांना एवढेच सांगणे की, सादरीकरण कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सभागृहातल्याच संगणकावर, त्याच प्रोजेक्टरला जोडून चालवून पाहावे. पहिला मिनिट पाहून उठू नये. आवाज आणि ओठ यांची फारकत झाली असेल, तर ती शेवटच्या मिनिटातच दिसते.

आपले,
संगणक प्रयोगशाळांत काम करणारे काही वाचक, अमळनेर