सेलीन घरी राहिली होती

प्रिय आई-बाबा,

राजीनामा दिला. फोनवर सांगितलं असतं तर आई, तू "आधी बाबांशी बोल" म्हणून फोन त्यांच्या हातात दिला असतास आणि दोघांनी मिळून मला गप्प केलं असतंत. म्हणून पत्र. मेअखेर कुवेत सोडून वसईला येतेय, कायमची.

"आमच्यासाठी कशाला नोकरी सोडलीस" हे सुरू करू नका. तुमच्यासाठी नाहीच. रात्रपाळ्यांनी माझी पाठ गेलीय, घराचं कर्ज फिटलंय आणि नर्सला वसईतही काम मिळतं. ताईला तुम्ही आनंदाने देवाला दिलीत. ती तिच्या मठात सुखी आहे, तिला कुणी परत बोलावणार नाही, मी तर नाहीच.

आई, ताई निघाली तेव्हा तू संत तेरेजाची गोष्ट सांगितली होतीस. १८८७ च्या पेन्टेकॉस्टच्या सणाला, फ्रान्समधल्या लिझ्यूच्या घराच्या बागेत तिने मठात जायची परवानगी मागितली आणि वडिलांनी, लुई मार्टिननी, भिंतीतलं एक पांढरं फूल मुळासकट उपटून तिच्या हातात दिलं. पंधराव्या वर्षी कार्मेल मठ, चोविसाव्या वर्षी क्षयाने मरण, १९२५ मध्ये संतपद. सगळं आपल्याला पाठ आहे. पण तिच्या मोठ्या बहिणीविषयी, सेलीनविषयी, तू कधी फारसं बोलली नाहीस.

तेरेजा मठात गेली आणि दोनच महिन्यांत, जून १८८८ मध्ये, वडील कुणाला न सांगता घरातून निघून गेले. काही दिवसांनी ल हाव्र बंदरात सापडले. पुढच्या वर्षी त्यांना काँ शहरातल्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं, तीनेक वर्षं. मुली मठात गेल्या म्हणून बापाचं असं झालं, असंही लोक बोलले. लोक काय, आपल्या आळीतही आहेत. १८९२ मध्ये घरी आणलं तेव्हा त्यांचे पाय गेले होते. सेलीन त्यांच्याजवळ राहिली. लग्नाचं मागणं नाकारलं होतं, मठाची ओढ होती, तरी थांबली. २९ जुलै १८९४ ला ते गेले आणि सप्टेंबरात ती लिझ्यूच्या कार्मेलमध्ये दाखल झाली, कॅमेरा घेऊन! तेरेजाचे मठातले जे फोटो जगभर पोचले, त्यांतले बरेचसे तिनेच काढलेले. उशिरा गेली म्हणून तिचं काही हुकलं नाही. आणि २०१५ मध्ये लुईनाही संतपद मिळालं, बायको झेलीसोबत.

बाबा, हे तुमच्यावरून लिहीत नाहीये. आगाशीला उतरायचं ते पुढे गेलात, बसमध्ये डोळा लागला की कुणाचंही होतं.

मी आले म्हणून घरात काही हलणार नाही. तुमची खुर्ची ओट्यावरच राहील. सकाळच्या मिस्साला पायीच जा; मी मागून येईन, हात धरणार नाही. आईचं स्वयंपाकघर आईचं, मी भांडी घासेन. वरची खोली मला पुरे. पावसात शाळेत नेताना मला खांद्यावर घ्यायचात आणि घरी "आज चालतच गेली हो" सांगायचात, आठवतं? आईला ते तेव्हाही माहीत होतं.

तोवर माझं ऐका. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, "बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. न्हाणीघरात रबरी चटई टाकून घ्या, सुतार आला की भिंतीला दांडाही. आई, विहिरीवर एकटी जाऊ नकोस. बाबा, शर्टाच्या खिशात आईचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. हल्ली सगळेच ठेवतात, मीसुद्धा. आणि ताईला हे मी सांगेन, तुम्ही आधी कळवू नका, ती उगाच नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू करेल.

तुमची,
धाकटी