रानडुकराच्या परवानगीला नेमाची अट घाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भात पोटरीत आले, भुईमूग भरला की राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडकडच्या शेतकऱ्याची झोप शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर जाते. डुकरांचा कळप एका रात्रीत सरीच्या सरी उकरून टाकतो. मग दरवर्षी मागणी होते: डुकरे मारायला परवानगी द्या, बंदुकीचे परवाने द्या. मागणी रास्त आहे. पण बार कोणत्या बंदुकीतून निघणार आणि ती कोणाच्या हातात असणार, हे कोणी विचारत नाही.

कायद्याचे आधी थोडक्यात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे शिकारीला बंदी आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठी कलम ११ खाली अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. गवा पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे पीक खाल्ले म्हणून त्याला मारण्याची परवानगी मिळत नाही. पुढचे सगळे फक्त परवानगी मिळालेल्या रानडुकराबद्दल आहे.

आपल्या डोंगरपट्ट्यात पीकरक्षणाची बंदूक म्हणजे बहुतेक ठासणीची. शस्त्र अधिनियम १९५९ मध्येही पीकरक्षणासाठी तिचा उल्लेख आहे. आवाज करून कळप हुसकावायला ती पुरते, मारायला नाही. छर्रे पसरतात आणि मोठ्या नराच्या खांद्यावरच्या जाड, चिवट कातडीत अडकतात. डुक्कर पळते, उसात शिरते आणि जखम चिघळत पडून राहते. पुढे ऊसतोडीची टोळी त्या फडात कोयता घेऊन उतरते, तेव्हा ते जिवंत असले तर पहिल्या माणसाच्या अंगावर येते.

यावर ‘मग मोठी रायफल द्या’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते चूक आहे. या कामाला हलकी बोल्ट-ॲक्शन रायफल (हाताने बोल्ट मागेपुढे करून एकेक काडतूस चढवायची) आणि बेताचे काडतूस पुरते. स्वीडनमध्ये कित्येक पिढ्या ६.५×५५ च्या (साडेसहा मिलिमीटर जाडीच्या गोळीच्या) काडतुसावर मूस हे भले मोठे हरीण मारतात, आणि मूस आपल्या डुकराच्या कितीतरी पट वजनाचा. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये जिम कॉर्बेटना भेट मिळाली ती रिग्बी कंपनीची .२७५ रायफलही हलकी आणि साध्या ताकदीचीच होती.

आपल्याकडे परवान्यावर जास्त दिसते ती ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल (आकडा नळीच्या तोंडाचा, इंचांत). ली-एन्फिल्डच्या बोल्टवर बेतलेली, वजन तीन-साडेतीन किलोच्या आसपास. लष्करी .३०३ सामान्य माणसाला वर्ज्य, म्हणून हिला जुन्या ऑस्ट्रियन मॅनलिचर रायफलीच्या ८×५० वरून घेतलेले काडतूस मिळाले. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ १६ ग्रॅम. वेग सेकंदाला ६०० मीटरच्या थोडा वर. साठ-सत्तर मीटरवर डुकराला हे भरपूर झाले. दोनशे मीटरवर मात्र गोळी वीतभराहून जास्त खाली उतरते, म्हणून इतक्या लांबचा बार काढूच नये.

हलक्या रायफलीत ताकदवान काडतूस का नको? काडतूस तेच ठेवून चार किलोची रायफल तीन किलोची केली, की धक्क्याची ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने वाढते. तीन किलोच्या रायफलीत .३०-०६ सारखे ताकदवान काडतूस घातले तर पाच-सहा बारांत अंग धक्क्याची वाट पाहू लागते. चाप पुरता ओढण्याआधी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, गोळी खाली जाते. अनुभवी माणसालाही हे होते आणि त्याला ते कळतही नाही. ते पकडायचे तर जोडीदाराने न सांगता मधूनच एक खोटे काडतूस भरून द्यावे. चाप ओढला, बार झाला नाही आणि नळीचे टोक झुकले, की दोष उघडा पडला. रोज संध्याकाळी रिकाम्या रायफलीवर, नळी दोनदा तपासून, वीस वेळा सावकाश चाप ओढला की महिन्याभरात फरक दिसतो.

नेम बांधताना, म्हणजे गोळी नेमावरच पडावी म्हणून रायफल जुळवताना, आधी नळीतले तेल कोरड्या कापडाने पुसावे. तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळी बाकीच्यांपेक्षा वेगळीकडे पडते, आणि शेतात पहिलीच गोळी कामाची असते. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून २५ मीटरवर तीन गोळ्या, मग ५० वर तीन. एका गोळीवरून माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) हलवू नये, तिन्हींचा मध्य पाहावा. गोळ्या उजवीकडे पडत असतील तर पुढची माशीही उजवीकडेच सरकवायची. इथे बरेच जण उलटे करतात. हलक्या रायफलीची नळी पातळ, लवकर तापते आणि तापली की गोळ्या भरकटतात. नळी हाताला कोमट लागली की थांबावे. गगनबावड्याच्या पावसाळ्यात लाकडी दस्ता फुगून नळीला एका बाजूने रेटतो आणि उन्हाळ्यात बांधलेला नेम भाद्रपदात चुकतो. दस्त्याचे स्क्रू तपासून हंगामाआधी नेम पुन्हा बांधावाच लागतो.

.३१५ चा आणखी एक जुना दोष. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे यायला हवी. मागे राहिली तर दोन कडा एकमेकींत अडकतात आणि बोल्ट अर्ध्यावर थांबतो, तोही नेमका दुसरी गोळी हवी असते तेव्हा. ओलीत राहिलेली जुनी काडतुसे फुसकी निघतात. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी मोकळ्या बांधाकडे धरून निदान अर्धा मिनिट थांबावे, मग बोल्ट उघडावा. बार नेहमीपेक्षा मऊ वाजला तर बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढचे काडतूस भरू नये. नळीत अडकलेल्या गोळीवर दुसरी सुटली की नळी फाटते.

डुकराचे अंग फसवे असते. आयाळ उभी राहिल्याने पाठ आहे त्याहून उंच दिसते, आणि खांद्यापाशी मणका बराच खाली असतो. नेम वर गेला की गोळी मणक्यावरच्या मांसातून जाते. डुक्कर धाडकन कोसळते, लोक धावत जवळ जातात आणि ते उठून उभे राहते. नेम धरायचा तो आडव्या उभ्या डुकराच्या पुढच्या पायाच्या रेषेत, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. गोळी टोकाला शिसे उघडे असलेलीच हवी. पूर्ण कवचाची गोळी बारीक भोक पाडून पलीकडे निघून जाते.

आणि ती पलीकडे निघालेली गोळी कुठे जाणार? रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि आपल्याकडे तेवढ्यात दोन वाड्या लागतात. म्हणून बार माळ्यावरून खाली, मऊ मातीत जाईल असाच काढावा. जांभ्याच्या सड्यावर गोळी आपटून भलत्याच दिशेला उडते. उसात तर बार काढूच नये: कांड्याला घासून गोळी वळते आणि पलीकडच्या सरीत कोण राखणीला बसले आहे ते दिसत नाही. अंधारात नुसत्या सळसळीवर चाप ओढणे हा गुन्हाच समजावा.

फिनलंडमध्ये मोठ्या जनावराच्या शिकारीआधी ७५ मीटरवर २३ सेंटिमीटरच्या वर्तुळात चार गोळ्या मारून दाखवाव्या लागतात, चारही आत. आपल्याकडे रानडुकराच्या परवानगीला अशी चाचणी लावा. अंतर ५० मीटर, बैठक माळ्यावर बसतात तशी, वर्तुळ २० सेंटिमीटरचे, रायफल अर्जदाराची स्वतःची, गोळ्या चार. हंगामाआधी प्रत्येक तालुक्यासाठी एक दिवस पोलिसांच्या रेंजवर हे होऊ शकेल. सराव .२२ च्या छोट्या रायफलीवर करता येतो. तिला धक्का नाही, खर्च कमी, आणि श्वास व चाप यांची शिस्त तीच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक मिळवले ते .२२ वरच. शिकवणारी माणसे या जिल्ह्यात आहेत. वन विभाग आणि जिल्हा प्रशासनाने त्यांना बोलवावे, आणि परवानगीच्या कागदावर रायफलच्या क्रमांकाखाली चाचणीची तारीख व वर्तुळात बसलेल्या गोळ्यांचा आकडा लिहावा. चारपैकी तीनच बसल्या तर त्या वर्षी परवानगी नाही. तो माणूस माळ्यावर डबा वाजवायला बसेल, बार दुसरा कोणी काढेल.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर