पांढरी काठी वाटली, पण शिकवणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर उजाडला की १५ तारखेच्या पांढरी काठी दिनाचे वेध लागतात. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात ठिकठिकाणी काठीवाटप होते. पाहुणे येतात, श्रीफळ फुटते, घडीच्या काठ्यांचा गठ्ठा सुटतो, फोटो निघतात. ती काठी धरायची कशी, पाखाडी (डोंगरउतारावरची चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट) उतरायची कशी, न भाजता चहा गाळायचा कसा, दोनशेची आणि पाचशेची नोट ओळखायची कशी, हे शिकवायला नंतर त्या घरी कोण जातो? त्याची पात्रता काय आणि ती तपासली कोणी? याबद्दल, आणि या कामाची वेगळी पात्रता व परीक्षा ठरावी यासाठी, हे पत्र.

कायद्याने हा प्रश्न मोकळा सोडलेला नाही. भारतीय पुनर्वसन परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार, मान्यताप्राप्त पात्रता आणि केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव असल्याशिवाय कोणालाही पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही. सरकारी किंवा स्थानिक संस्थेत तसे पदही धरता येत नाही. कलम १३ मध्ये त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पण या कायद्याखालच्या वर्गवारीत विशेष शिक्षक आहे, मोबिलिटी तज्ज्ञ (अंध व्यक्तीला काठीने एकट्याने फिरायला शिकवणारा) आहे, समुदाय-आधारित पुनर्वसनाचे काम करणारा आहे. मधुमेहाने साठीत दृष्टी गेलेल्या बाईला तिच्याच घरात पुन्हा स्वयंपाक, हिशेब, औषधे, फोन शिकवणाऱ्याचा स्वतंत्र रकाना नाही. मग हे काम कधी शाळेतल्या मुलांना ब्रेल शिकवणाऱ्याच्या गळ्यात पडते, तर कधी दोन दिवसांचे शिबिर करून आलेल्या स्वयंसेवकाच्या. दोघांचीही तळमळ खरी असते, पण तळमळीने विळी धरता येत नाही.

अमेरिकेत या कामाला व्हिजन रिहॅबिलिटेशन थेरपिस्ट असे वेगळे नाव आहे. तिथे २००० साली स्थापन झालेली एसीव्हीआरईपी ही संस्था लो व्हिजन थेरपिस्ट (उरलेल्या दृष्टीचा वापर शिकवणारा), मोबिलिटी तज्ज्ञ आणि व्हिजन रिहॅबिलिटेशन थेरपिस्ट यांना वेगवेगळी प्रमाणपत्रे देते. त्यासाठी अभ्यासक्रम, जाणत्याच्या देखरेखीखाली ३५० तासांचे प्रत्यक्ष काम आणि परीक्षा अशी वाट आहे, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ते जसेच्या तसे इथे उचलून आणा असे आमचे म्हणणे नाही. तिकडचा फूटपाथ सपाट आणि जिना मोजून बांधलेला; आपल्याकडे दोन्ही नाहीत. मात्र देखरेखीखालच्या तासांची अट घेण्यासारखी आहे. कारण काय चुकते ते वर्गात दिसत नाही, वाटेवर दिसते.

काठीचेच बघा. उभ्या माणसाच्या छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत ती यावी, असा सर्वसाधारण नियम. लांब ढांगा टाकणाऱ्याला थोडी अधिक. वाटपात पाच फुटी बाईला आणि पावणेसहा फुटी बाप्याला एकाच मापाची मिळते. आखूड काठीला खड्डा लागेपर्यंत पुढचा पाय उचललेला असतो, आणि त्यावर उपाय म्हणून माणूस वाकून चालायला लागतो. मूठ बेंबीसमोर, तर्जनी काठीवर सरळ, हलवायचे ते मनगट, खांदा नव्हे. उजवा पाय पुढे पडताना टोक डावीकडे, डावा पडताना उजवीकडे. फेर खांद्यांच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे जास्त. तो अरुंद झाला की गडग्याचा चिरा गुडघ्याला लागतो. फार रुंद झाला की पावलांशी मेळ सुटतो आणि माणूस नकळत एका अंगाला सरकत जातो. वाटेवर झुकलेली फणसाची फांदी किंवा टेम्पोचा उघडा फाळका काठीला कळतच नाही. त्यासाठी दुसरा हात कोपरात वाकवून तोंडासमोर आडवा धरायला शिकवावे लागते. हे न शिकवल्यामुळे कपाळाला खोक पडली, की घरचे काठी माळ्यावर टाकतात आणि माणूस पडवीत बसतो.

आता पाखाडी. जिना उतरण्याची पुस्तकी रीत सगळ्या पायऱ्या सारख्या आहेत असे धरून चालते. दोन पायऱ्यांत अंदाज आला की पुढच्या त्याच तालात उतरायच्या. पाखाडीची एक पायरी वीतभर उंच, दुसरी चार बोटे, तिसरी दोन हात लांब आणि मधला चिरा निसटलेला. इथे ताल धरणे म्हणजे घसरणे. प्रत्येक पायरीला टोकाने आधी कड शोधायची, मग खाली टेकवून खोली बघायची, चिरा हलतो का ते दाबून पाहायचे आणि मगच पाय टाकायचा. वेळ लागतो, पण घाई करून इथे भागत नाही. जांभ्याच्या भोकांत आणि सांध्यांत पेन्सिलसारखे बारीक टोक अडकते आणि मूठ पोटात बसते. त्यापेक्षा जाड, गोलसर किंवा फिरते टोक बरे. जांभ्यावर ते कानशीवर घासल्यासारखे झिजते, म्हणून जादा टोक घरात हवे. खाऱ्या हवेने घडीच्या काठीचे आतले इलॅस्टिकही सैल पडते, सांधे खुळखुळतात, आणि मग जमिनीचा आवाज काठीतून नीट पोचत नाही.

हा आवाज म्हणजे अर्धी दृष्टी. पावसात तीच जाते. पत्र्यावर, छत्रीवर, रेनकोटच्या टोपीवर पाऊस वाजू लागला की मागून येणारी रिक्षाही कळत नाही आणि भिंत जवळ आल्याचा अंदाजही येत नाही. एका हातात काठी, दुसऱ्यात छत्री, म्हणजे कपाळ राखायला हात उरत नाही. कान उघडे ठेवणारी, पुढे झापड असलेली टोपी आणि अंगावर रेनकोट ही त्यातल्या त्यात बरी सोय. मे महिन्यात शिकवलेली वाट जुलैत राहत नाही. गटाराची कड रानाखाली जाते, पायरीवर शेवाळ धरते, व्हाळ (ओढा) वाटेवर येतो, आणि उन्हात वाळणाऱ्या मासळीच्या वासावरून कळणारे वळणही त्या दिवसांत कळत नाही. म्हणून कोकणात काम करणाऱ्याच्या देखरेखीखालच्या तासांपैकी निदान तिसरा हिस्सा जून ते सप्टेंबरमध्ये झालेला असावा, असे आमचे ठाम मत आहे. तसेच जेटीचे. होडीत चढताना जेटी आणि होडी यांतले अंतर भरतीला एक, ओहोटीला दुसरे. सकाळी भरतीला जमलेले पाऊल दुपारी ओहोटीला फसते. शिकवणाऱ्याने दोन्ही वेळा तिथे नेले का, हे परीक्षकाने विचारावे.

स्वयंपाकघरात गफलत वेगळ्या ठिकाणी होते. परदेशी नमुन्यावर बेतलेल्या प्रशिक्षणात सुरी आणि फळी असते. इथल्या बाईचा हात विळीवर बसलेला. विळीचे पाते एका जागी स्थिर असते आणि वस्तू दोन्ही हातांत असते, त्यामुळे अनेकींना सुरीपेक्षा तीच सोयीची जाते. धोका कापताना कमी, उठताना आणि विळी बाजूला ठेवताना जास्त. पाते मिटवूनच पाटावरून उठायचे आणि विळी ठरलेल्या भिंतीलाच लावायची, हे घरातल्या सगळ्यांना लागू. गॅसवर भांडे आधी थंड शेगडीवर हाताने मध्यभागी बसवायचे, मग पेटवायचे. पेटल्यावर भांडे चाचपत सरकवायचे नाही. पेज निवळताना वाफ मनगटावर येते, म्हणून वेळण्याऐवजी चाळणीत ओतणे चांगले. चहा ओतताना काठावर बोट ठेवण्याची रीत आधी थंड पाण्याने घटवून घ्यायची. डब्यांना चिकटवायच्या उठावाच्या टिकल्या दमट हवेत आणि तेलकट हातांनी सुटतात. मिठाच्या बरणीला एक रबर, साखरेच्या बरणीला दोन, हे टिकते. यातले काहीही शिकवण्याआधी घरच्यांशी बोलावे लागते. सुनेने काळजीपोटी डबा जागचा हलवला की आठवडाभराची मेहनत वाया.

थोडी दृष्टी शिल्लक असलेल्यांची तर दुहेरी पंचाईत होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चांगल्या डोळ्याची चष्म्यासह दृष्टी ६/१८ पेक्षा कमी असली की अल्पदृष्टी सुरू होते आणि ३/६० पेक्षाही कमी असली की अंधत्व. दाखला डोळा मोजतो. त्या डोळ्याने घरात काय जमते हे मोजत नाही. पाचपटीचे भिंग, म्हणजे २० डायॉप्टर ताकदीचे, मजकुरापासून साधारण ५ सेंटिमीटरवरच धरावे लागते. हे न सांगता दिले तर माणूस ते हातभर लांब धरतो, अक्षर धूसर दिसते, आणि भिंग देवघराच्या खणात जाते. स्टीलच्या ताटात पांढरा भात न दिसणाऱ्याला कधी कधी भिंगापेक्षा गडद रंगाचे ताट आधी उपयोगी पडते.

नोटांचेही असेच. शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नव्या नोटांची लांबी १४२, १४६ आणि १५० मिलिमीटर. म्हणजे शेजारच्या दोन नोटांत फरक अवघा ४ मिलिमीटरचा. शंभरावर उठावाचा त्रिकोण आणि कडेला चार रेघा, दोनशेवर एच अक्षर, चार रेघा आणि त्यांच्यामध्ये दोन गोल, पाचशेवर वर्तुळ आणि पाच रेघा. मासळी बाजारात फिरून ओली आणि मऊ झालेल्या नोटेवर यातले काही बोटाला लागत नाही. मग पुठ्ठ्याचे माप, प्रत्येक नोटेची ठरलेली घडी, आणि रिझर्व्ह बँकेचे नोट ओळखणारे २०२० पासूनचे मणी ॲप, असे तिन्ही शिकवावे लागते. ते ॲप इंटरनेटशिवाय चालते, पण नोट खरी की खोटी हे सांगत नाही. हे न सांगणारा शिक्षक फसवणुकीला वाट करून देतो.

शिकवणाऱ्याने कुठे थांबायचे हेही पात्रतेच्या मानकात हवे. इन्सुलिनचे पेन टिकटिक मोजून लावायला शिकवणारे उत्साही कार्यकर्ते आहेत. पण केवळ टिकटिक मोजून युनिट ठरवू नका, असे अनेक पेनांच्या माहितीपत्रकातच छापलेले असते. शिकवणाऱ्याने इथे डॉक्टरांकडे आणि घरच्यांकडे जायचे, स्वतः तोडगा काढायचा नाही. तसेच दृष्टी परत येईल का, यावर त्याने एक अक्षर बोलू नये.

परीक्षा कशी असावी? लेखी पेपराला अर्ध्याहून कमी वजन. प्रात्यक्षिक शिकणाऱ्याच्या घरी आणि त्याच्याच वाटेवर. डोळस उमेदवाराने डोळ्यांवर पट्टी बांधून ठरावीक तास स्वतः रांधलेले आणि चाललेले असावे. मात्र ‘उमेदवाराने दुरून डोळ्यांनी लक्ष ठेवता आले पाहिजे’ अशा धर्तीची अट नको. तिने अंध उमेदवार दारातच अडतो, आणि या कामात अंध शिक्षकाइतका पटणारा शिक्षक दुसरा नाही. सुरक्षितता कशी राखली हे तपासा, कशाने राखली हे नको. नूतनीकरण नुसत्या चर्चासत्रांच्या हजेरीवर नको. दर पाच वर्षांनी एकदा तरी कोणीतरी सोबत जाऊन काम बघावे.

नवा वर्ग निर्माण करणे परिषदेचे काम, आणि त्याला वेळ लागणार. तोवर ग्रामपंचायती, पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदांच्या हातात दिव्यांगांसाठीचा स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी आहे. त्यातून काठ्या घेताना त्या दोन-तीन मापांत घ्याव्यात, प्रत्येक काठीमागे एक जादा टोक घ्यावे, आणि नोंदणीकृत मोबिलिटी तज्ज्ञाचे किंवा दृष्टिदोषाच्या विशेष शिक्षकाचे घरी येऊन शिकवण्याचे तास त्याच मंजुरीत धरावेत. काठी देताना घेणाऱ्याची उंची, शिकवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आणि प्रत्यक्ष दिलेले तास एका कागदावर लिहून त्याची प्रत घरी द्यावी. तिन्ही जिल्हा परिषदांच्या समाजकल्याण विभागांनी पुढच्या खरेदीच्या आधी हा नमुना ठरवावा, अशी विनंती.

आपले,
दृष्टिदोष पुनर्वसनाचे काम करणारे काही कार्यकर्ते,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग